मॅग्नेट नको, केबल बांध
डॉकची (लॅपटॉपला एकाच यूएसबी-सी केबलीनं स्क्रीन, चार्जिंग जोडायचा डबा) केबल पायात अडकून लॅपटॉपचा पोर्ट मोडू नये म्हणून वर एकानं तिला मॅग्नेटिक ॲडॅप्टर, म्हणजे ओढलं की सुटणारा चुंबकाचा जोड, लाव म्हटलंय, पण भावा जरा दमानं. यूएसबी-सीच्या नियमात ते बसत नाही, पिना उघड्या राहतात आणि चार्जिंगपण त्यातनंच जाणार. पोर्ट १०,००० वेळा काढघाल सोसंल असा बनवलेला असतो, मोडतो तो आडव्या ओढीनं, आणि मधली पातळ पट्टी लॅपटॉपच्या बाजूला असल्यानं भुर्दंड आपल्यालाच. कोल्हापुरात राजारामपुरीत रिपेअरवाल्याकडं नेलं तरी बारक्या पिनांचं सोल्डरिंग म्हणजे खेळ नव्हं. त्यापेक्षा डॉक टेबलाला डबल टेपनं चिकटव, केबल लॅपटॉपपासनं वीतभरावर क्लिपमधनं घे, मधी जरा ढिली सोड, पाय अडकला तर झटका क्लिपला बसतोय. आणि मांडीवर घेऊन बसायचं असलं तर आधी केबल काढ की मर्दा.