कॅन्ससमध्ये पहिलं मत: ‘कर कमी, सरकार लहान’ हे इथे खरंच कसं चाललं?

नवा_मतदार_ओपी
नमस्कार मंडळी. सिटिझनशिप झाली, आता 5 नोव्हेंबर 2024 ला, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, पहिलंच मत देणार. राहतो जॉन्सन काउंटीत, ओव्हरलँड पार्कला. मेव्हण्याचं म्हणणं, डोळे झाकून रिपब्लिकनांना दे. कर कमी होतात, सरकार आपल्या वाटेला जात नाही, बाकी सगळा टीव्हीवरचा तमाशा. काटकसरीचं सरकार मलाही आवडतं. पण आम्ही न्यू जर्सीहून 2019 ला आलो, त्यामुळे रिपब्लिकन गव्हर्नर ब्राउनबॅकचा काळ पाहिलेला नाही. त्यांचं नाव काढलं की पक्के रिपब्लिकन शेजारीही विषय बदलतात. तेव्हा इथे कुणी होतं का? शिव्या नकोत, तपशील द्या.

विचिताची_शकू
मी होते. दर जानेवारी ते एप्रिल लोकांचे रिटर्न भरून देते, तेव्हाही भरायचे.

ब्राउनबॅकच्या 2012 च्या कर कायद्यात राज्याच्या इन्कम टॅक्सचा वरचा दर 6.45 वरून 4.9 टक्के केला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरी मेख शेड्यूल एसमध्ये, म्हणजे रिटर्नला जोडायच्या एका फॉर्ममध्ये होती. एलएलसी आणि एस-कॉर्प (हे कंपन्यांचे प्रकार), भागीदारी, शेती यांतून येणाऱ्या नफ्यावर राज्याचा कर शून्य! माझ्याकडे एक डेंटिस्ट आणि त्याची रिसेप्शनिस्ट, दोघंही यायचे. त्याचा क्लिनिकचा नफा शेड्यूल एसवर वजा केला की के-40 वर, म्हणजे राज्याच्या मुख्य रिटर्नवर, उरायचा फक्त त्याच्या बायकोच्या नोकरीचा पगार. रिसेप्शनिस्टचं उत्पन्न डब्ल्यू-2 वर, म्हणजे मालक देतो त्या पगाराच्या दाखल्यावर, त्यामुळे तिला सुटका नाही. तिने एकदा विचारलं, मीपण एलएलसी काढू का? काय सांगणार. आणि ज्याला धंद्यात खोट आली, त्याला ती खोट वजा करायला मनाई. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला हे समजावताना माझीच जीभ अडखळायची.

सल्लागार कोण, तर अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर. कर कापले की धंदे वाढतील आणि तिजोरी आपोआप भरेल, असं गणित. तिजोरीला भगदाड पडलं. मग हायवेचा पैसा उचलून रोजच्या खर्चाला लावायला लागले. लोक राज्याच्या वाहतूक खात्याला (केडॉट हे त्याचं लघुनाव) ‘बँक ऑफ केडॉट’ म्हणायचे. 2014 मध्ये राज्याचं पतमानांकन घसरलं. 2015 ला कॉन्कॉर्डियासारख्या ठिकाणी शाळा ठरलेल्या दिवसाआधीच बंद केल्या, पैसे नाहीत म्हणून. त्याच वर्षी विक्रीकर 6.15 वरून 6.5 टक्के, आणि तो किराण्यावरसुद्धा. म्हणजे कर गेला कुठे? डेंटिस्टच्या रिटर्नवरून उठला आणि रिसेप्शनिस्टच्या दुधाच्या गॅलनवर जाऊन बसला.

जून 2017 मध्ये गव्हर्नरचा व्हेटो (नकाराधिकार) डावलून हा कायदा मोडीत काढला, तोही रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने. राज्याच्या सिनेटमध्ये 27 मतं लागत होती, बरोब्बर 27 पडली. शेजारी विषय बदलतात ते यामुळे.

डॅलसचा_बापू
शकूताई, एकच बाजू मांडताय. 2014 नंतर तेल पडलं, गहू पडला, त्यात कुठलंही राज्य गडगडलं असतं. शिवाय कर कापले पण त्या मानाने खर्च कापला नाही. हे ब्राउनबॅकचं अपयश, विचारांचं नाही. आमच्या टेक्ससमध्ये इन्कम टॅक्सच नाही, आम्ही काय भिकेला लागलो?

विचिताची_शकू
बापू, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आल्यावर याच ठिकाणी बोंब कोणी मारली होती? असो. तेलाचा मुद्दा थोडा मान्य. पण शेतमालाचे भाव नेब्रास्कातही पडलेच की, त्यांची अशी दैना नाही झाली. आणि खर्च कापायचा तर कुठला, ते सांगा ना. राज्याच्या जनरल फंडातला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो, आणि शाळांना देताय ते घटनेप्रमाणे पुरेसं नाही असं राज्याचं सुप्रीम कोर्टच बजावत होतं.

आता मेव्हण्यांचं ‘वाटेला जात नाही’. 2 ऑगस्ट 2022 ला, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढायचा म्हणून इथे मतदान लावलं. मुद्दाम प्रायमरीच्या (पक्षांचे उमेदवार ठरवण्याच्या मतदानाच्या) दिवशी, जेव्हा अपक्ष मतदार सहसा फिरकत नाहीत. रांगा लागल्या, आणि 59 विरुद्ध 41 टक्क्यांनी लोकांनी ते झिडकारलं. डेंटिस्टचा नफा बघायला ज्यांना सरकार नको होतं, त्यांना डॉक्टरच्या खोलीत मात्र हवं होतं.

मेडिकेडचंही, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचंही, तेच. तो आणखी लोकांना लागू करायचा, तर या विस्ताराचा 90 टक्के खर्च वॉशिंग्टन देतं. 2017 मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, ब्राउनबॅकनी व्हेटो केला, तो मोडायला हाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, तीन मतं कमी पडली. आज 2024 उजाडलं तरी विस्तार नाही. यात कसली आली काटकसर?

नवा_मतदार_ओपी
शकूताई, शेड्यूल एसचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण हे झालं राज्याचं. अध्यक्षपदाशी काय संबंध? आणि कॅन्सस 1964 नंतर कधी डेमोक्रॅटकडे गेलेलं नाही, मग माझ्या एका मताने काय होणार?

विचिताची_शकू
संबंध आहे. 2017 च्या ट्रम्पच्या कायद्यात याच जातीच्या धंद्यांना 20 टक्क्यांची वजावट आहे, आणि त्या कायद्याप्रमाणे ती 2025 अखेर संपते. पुढे चालू ठेवायची का, हे आता निवडून येणारी काँग्रेस ठरवणार. आणि लॅफरना 2019 मध्ये ट्रम्पनीच मेडल ऑफ फ्रीडम हा नागरी सन्मान दिला.

मताचं म्हणाल तर मतपत्रिकेवर खाली खाली वाचत जा. राज्याच्या हाउसच्या 125 आणि सिनेटच्या 40, सगळ्या जागा यंदा आहेत. जानेवारीत आताच्या डेमोक्रॅट गव्हर्नर केलींनी फ्लॅट टॅक्सला (सगळ्यांना एकच दर) व्हेटो केला. असले व्हेटो टिकतात की मोडतात ते हाउसमधल्या 84, म्हणजे दोन तृतीयांश, मतांवर ठरतं. ही तीन-चार मतं तुमच्या जॉन्सन काउंटीतच इकडची तिकडे होतात.

नोंदणीची मुदत 15 ऑक्टोबर. केलीत का?

नवा_मतदार_ओपी
नाही अजून. आज रात्रीच करतो.

डॅलसचा_बापू
करा. मेव्हण्यांनाही हा धागा पाठवा, माझ्या बाजूला एक तरी माणूस मिळू दे.