साहेब शिव्या देतो तरी कंपनीत जावं वाटतं, हे प्रेम आहे का नुसती सवय?

शिमवाला
संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडं टूलरूममधे (साचे दुरुस्तीचं खातं) आहे, सहा वर्षं झाली. डिप्लोमा, गाव परभणी जिल्ह्यात, बजाजनगरात रूम. कंपनीचं नाव विचारू नका. रोज सकाळी लाईनवर उभ्या उभ्या मीटिंग असती, ज्याचं रिजेक्शन जास्त त्याला प्लँट हेड पुढं बोलावणार अन सगळ्यासमोर आई-बहिणीवरून सुरू. मागच्या महिन्यात पन्नाशीच्या एका ऑपरेटरला रिजेक्ट पीस हातात धरून अर्धा तास उभं केलं, त्या माणसाला जावई आलाय. रजा मागितली की ‘कायमचाच जा की’. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज पडतो, ‘ओके सर’ टाकायला उशीर झाला तर सकाळी तेच परत.

हे सगळं खरं, तरीबी मला तिथं जायला आवडतं. मागच्या बुधवारी नाईटला एक डाय (पत्रा कापायचा साचा) चढवली, पीसला एकाच बाजूनं बर (कडेला उरलेली धारदार कोर) यायली, पंच (डायचा वरून कापणारा भाग) ग्राइंड करून आणला तरी तेच, सगळे म्हणायले उतरवा डाय. मी म्हणलं थांबा, बर एकाच अंगाला हाय म्हणजे धारेचा दोष नाही, काहीतरी सरकलंय. खोलून बघितलं तर इन्सर्टमागची (डायमधे बसवलेल्या तुकड्यामागची) ०.०५ मिमीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, फाटून बसलेली, इन्सर्ट तेवढाच सरकला अन क्लिअरन्स, म्हणजे पंच-डायमधली फट, एकीकडं वाढला. नवी शिम कापून घातली, पहिल्या पीसच्या कडेवर अंगठा फिरवला, कुठंच लागंना. पहाटेचे साडेतीन वाजले होते अन मी एकटाच हसायलो होतो.

बायको म्हणती तुला शिव्या खायची चटक लागलीय. खरंच असं असतं का कुणाला, का मीच येडा?

एचआरवाला_जालना
येडे नाही तुम्ही. मी टेबलाच्या या बाजूला बसतो म्हणून आतलं सांगतो, शिव्या घातल्या तरी चालतील. आमच्याकडं दरवर्षी सर्व्हे असतो, त्यात ‘मला माझं काम आवडतं’ याला लोक पाचपैकी चार-पाच मार्क देतात. (फॉर्म भरताना मागं सुपरवायझर उभा असतो ते सोडा.) मग ती स्लाईड मॅनेजमेंटपुढं जाते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, कर्मचारी कंपनीवर खुश. तुम्ही मार्क दिले डायला, लावले गेले साहेबाच्या खात्यात. तुमच्यासारखा माणूस सोडून जात नाही हे त्या प्लँट हेडला चांगलं माहितीय, त्याचा आवाज त्याच भरवशावर चढतो.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआऊटची सविस्तर व्याख्या दिली, आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. त्यात थकवा तर आहेच, पण कामाबद्दल मन उठणं आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं हेपण आहे. तुमचं अजून तिथपर्यंत गेलेलं दिसत नाही. ज्या दिवशी ती शिम सापडूनही काही वाटणार नाही, त्या दिवशी मात्र जपा.

कोरडवाहू_काका
प्रेम बिम काय लावलंय. मी चिकलठाण्यात तीस वर्षं काढली, शिव्या आमच्या टायमाला हातापर्यंत यायच्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं ना, तवा माझ्या एका पगारावर दोन घरच्या चुली चालत होत्या, इथली अन गावाकडची. सोयाबीन गेलं, तूर गेली, सात तारखेचा पगार काही गेला नाही. त्या गेटवर माझा जीव होताच, तुम्ही त्याला काय नाव द्यायचं ते द्या.

कलेक्शनवाली_बीड
काका, तुमचं बरोबर असंल पण पगाराच्या नावाखाली काय काय गिळायचं? मी मायक्रोफायनान्सला, म्हणजे गावातल्या बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीत, होते तीन वर्षं. पहिलं वर्ष लई आवडलं, खोटं कशाला बोलू. स्कुटीवर गावोगाव जायचं, बायका गोल करून बसायच्या, कुणी पोह्याची प्लेट पुढं करायचं, कुणाची शिलाई मशीन माझ्या फाईलवर आली हे बघून बरं वाटायचं. मग दसरा झाला की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, घराला कुलूप, अन ब्रँचमधे टार्गेट तेवढंच. हप्ता नाही आला तर लाईव्ह लोकेशन टाकून त्याच दारापुढं बसून राहायचं, संध्याकाळचे आठ वाजले तरी. रिझर्व्ह बँकेनं २०२२ ला नियम काढले होते, मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी ९ च्या आधी अन संध्याकाळी ६ नंतर फोनसुद्धा करायचा नाही. ते ट्रेनिंगमधे आम्हाला शिकवलं होतं अन परीक्षापण घेतली होती! एकदा एका दारात म्हातारी अन दोन लेकरं होती, लेकरू मला बघून आत पळालं. मावशी म्हणून हाक मारायचं ते आधी.

शिमवाले दादा, तुमच्या शिव्या तुमच्यापर्यंतच थांबतात म्हणून तुम्हाला काम आवडू शकतं. माझं कामच दुसऱ्याला शिवी देणं झालं होतं. मग आवडणं संपलं.

नांदेडकर_पुण्यात
हिंजवडीत एसीत बसून हेच चालू आहे, फक्त शिव्या इंग्रजीत असतात आणि शेवटी ‘थँक्स’ लिहितात 😅

दादा एक विचारू का, नाईटचा ओटी (ओव्हरटाईम) मिळतो का? आठवड्याला ४८ तासाच्या वर डबल रेट, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासूनचं आहे. बऱ्याच ठिकाणी पोराला ‘ऑफिसर’ लिहून देतात अन ओटी बंद करतात. पण वादाला गेलं तर हुद्द्यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता ते बघतात. आणि पाच वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी बसली, शेवटचा बेसिक-डीए भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. सोडा म्हणत नाही, पण आपलं किती अडकलंय ते माहीत पाहिजे.

शिमवाला
सगळ्यांचं वाचलं, ड्यूटीवर होतो म्हणून उशीर. काका, गावाकडं माझीपण चूल आहे, तेवढं कळतं. ताई, तुमचं ते लेकराचं वाचून कसंतरी झालं.

नांदेडकर, लेटर काढून बघितलं, ‘ज्युनिअर ऑफिसर - टूलिंग’ लिहिलंय. दिवसभर हातात ॲलन की अन अंगावर ग्रीस, कुठला ऑफिसर. ओटीच्या जागी ‘कॉम्प ऑफ’ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) म्हणतात, अकरा जमा आहेत, एकबी मिळालेला नाही. उद्या त्यातले दोन मागून बघतो, पोराला घेऊन गावी जायचंय. काय म्हणतो साहेब ते इथंच टाकतो.

एचआरवाला_जालना
तोंडी मागू नका. मेलवर मागा.