शब्दचर्चा: गिरणीतली ‘बदली’ आणि आजचा ‘मुदतीचा’ कामगार

विचारणा: नव्या कामगार संहितांवरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. ‘फिक्स्ड टर्म’ला नेमकं काय म्हणावं? आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांच्या कागदांत १९७१चा बदली पास सापडला. तारखांचे रकाने आणि काही रकान्यांत शिक्के. मला बदली म्हणजे या गावाहून त्या गावी पाठवणं एवढंच ठाऊक. गिरणीतला अर्थ काय? तोच शब्द इथे चालेल का?

उत्तर: चालणार नाही. गिरणीत ‘बदली’ म्हणजे दुसऱ्याच्या बदल्यात उभा राहिलेला माणूस. कायम कामगार पेरणीला, शिमग्याला, गणपतीला कोकणात गेला की त्याच्या साच्यावर बदली लागायचा. पाळी सुरू व्हायच्या आधी दारात हजर राहायचं. काम लागलं तर पगार, नाहीतर घरी परत. कुणाला आत घ्यायचं हे पूर्वी जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ठरवी, आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय नंबर लागत नसे. त्याचा हा हात आवरायला गिरणीमालकांच्या संघटनेने १९३५ साली मुंबईत बदली कामगारांची नोंद ठेवून कार्डं द्यायला सुरुवात केली. तुमच्या आजोबांचा पास त्याच वळणाचा. बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी १९८२च्या संपातही होती. पगारवाढीच्या गोष्टीत ती झाकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

हा आपला शब्द इंग्रजी कायद्यातही जसाच्या तसा गेला. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘बदली’ म्हणजे हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी काम करणारा. मात्र एक वर्षाची सलग सेवा भरली की तो बदली मानला जात नसे. सलग म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस. कायमपणा त्यानं आपोआप मिळत नसे, पण ले-ऑफच्या, म्हणजे मालकानं काम देता न आल्यामुळे तात्पुरतं बसवून ठेवल्याच्या, भरपाईवर हक्क येई. म्हणून शिक्का महत्त्वाचा. दिवस साठत जायचे आणि साठलेल्या दिवसांना किंमत होती.

‘फिक्स्ड टर्म’ची गोष्ट वेगळी. हा माणूस कुणाच्या जागी नसतो. मालकाशी त्याचा ठरावीक मुदतीचा थेट लेखी करार असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत त्याला त्याच कामावरच्या कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती आहेत, एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीही आहे. हे चांगलंच आहे. पण मुदत संपल्यावर घरी पाठवणं ही ‘कामगार कपात’ धरली जात नाही. दिवस कितीही साठले तरी पुढे दार उघडत नाही. त्याला ‘मुदतीचा कामगार’ म्हणा. ‘कंत्राटी’ म्हणू नका, कारण कंत्राटीत मध्ये ठेकेदार असतो. ‘हंगामी’ही नको, तो ऊस गाळपाचा शब्द.

पुरवणी: ॲपवरून मागवलेलं जेवण घरोघर पोचवणाऱ्या मुलांना कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. हा शब्द पुस्तिकेत येऊ देऊ नका. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. या पोरांना फेरीमागे पैसे. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार (अशी सुटी सुटी कामं करणारा) पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचा धरला आहे. मालक अनेक आणि नोकरी कुणाचीच नाही, हा पेच आपल्याकडे हमालांनी आधीच सोसला आहे. १९६९च्या माथाडी कायद्यानं त्यावर तोड काढली: हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरीवरची लेव्ही (ठरावीक टक्के वरची रक्कम) मालकानं मंडळात भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांची संघटना होती. तिथला ‘नोंदीत कामगार’ हा शब्द मला गिगसाठी फार जवळचा वाटतो, पण नोंद आणि मंडळ खरोखर असेल तेव्हाच तो वापरावा. तोवर ‘गिग कामगार’ ठीक.

विचारणारी: ‘मुदतीचा कामगार’ घेतलं. ‘भागीदार’ सगळीकडून काढला. पासच्या मागे आजोबांनी पेन्सिलीनं महिन्यावार बेरीज मांडली आहे. आजवर तो हिशेब उधारीचा समजत होते. डिसेंबरपुढे आकडा आहे २२७.