गोव्यात कपड्यांविना पोहण्यासाठी वेगळा किनारा असावा का?

म्हापसेकर७:
माझा आतेभाऊ म्युनिकला असतो, तो सांगतो तिथे इंग्लिश गार्डन म्हणून मोठ्ठं पार्क आहे, त्यातल्या ठरवून दिलेल्या हिरवळीवर लोक काहीही न घालता ऊन खात पडलेले असतात आणि बाजूने जाणारे वळूनसुद्धा बघत नाहीत. पॅरिसनेही २०१७ मध्ये व्हॅन्सेनच्या जंगलात अशी जागा दिली. मग हणजूणला (अंजुना) हिप्पींच्या काळापासून हे बघितलेल्या गोव्यात एक रीतसर जागा का नको? मनापासून विचारतोय, घाण कमेंट नकोत प्लीज.

कोर्टकचेरी:
सध्या तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागतं (जुन्या आयपीसीचं २९४). सार्वजनिक जागी अश्लील कृत्य, तीन महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०२० मध्ये मिलिंद सोमणने ५५व्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर कपड्यांविना धावतानाचा फोटो टाकला तर त्याच्यावर २९४ सोबत आयटी ॲक्टचं ६७ (इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकणं) पण लागलं. पण कलमात 'इतरांना त्रास होईल असं' ही अट आहे, म्हणून जागा वेगळी आणि पाटी लावलेली असली तर वाद घालायला वाव आहे असं मला वाटतं.

ठाण्याचा_वाचक:
आणि हे परदेशी फॅड म्हणणाऱ्यांसाठी, कपड्यांविना राहणाऱ्यांचा जगातला पहिला माहीत असलेला क्लब १८९१ मध्ये आपल्या ठाण्यात निघाला! क्रॉफर्ड नावाचा इंग्रज जज्ज, सभासद तो धरून तिघेच. दिगंबर मुनींना तर आपण वाकून नमस्कार करतो.

हरमलची_मुलगी:
दादा, मुनींचं व्रत वेगळं आणि सुट्टी वेगळी, ते एकत्र करू नका. माझे वडील रापणीला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासेमारी) जायचे. हिप्पी उघडे फिरायचे तेव्हा गावाला कोणी विचारलं नव्हतं, लोक गप्प बसले याचा अर्थ पटलं होतं असा काढू नका. किनारा म्हणजे आमच्या होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी, मुलांची खेळायची जागा. तरी मला उघड्या माणसाची भीती नाही वाटत हो, मला भीती मोबाईलची वाटते. आज साधा स्विमसूट घातलेल्या बाईचे लांबून झूम करून फोटो काढतात, ग्रुपने येऊन सेल्फी मागतात, नाही म्हटलं तरी हटत नाहीत, आणि तुम्ही म्युनिकचं सांगता! तिथे बघत नाहीत हीच तर मुख्य गोष्ट आहे ना. ती इथे आली तर बाकीचं बोलू.

म्हापसेकर७:
ताई, पटलं. फोन गेटवरच जमा करायचे, वस्तीपासून लांबची जागा, असं असेल तर?

हरमलची_मुलगी:
तर आधी ग्रामसभेत ठेवा, रापणकारांना आणि बायकांना बोलवून. टूरिझमवाल्यांनी परस्पर ठरवून आणलं तर मी विरोधात उभी राहणार. आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग धरू नका, तिथे कासवं अंडी घालायला येतात.