प्रतिसाद: जीपार्टेडमध्ये रूट वाढत नाहीये
अहो, तुम्ही विचारलंय की जीपार्टेडमध्ये (डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन्स लहानमोठी करायचं सॉफ्टवेअर) रूट, म्हणजे लिनक्सचं मुख्य पार्टिशन, का वाढत नाही. रिसाइझचं बटण ग्रे दिसतंय म्हणजे डिस्क खराब नाही झाली, तुम्ही चालू सिस्टीममधूनच रूट वाढवायला बघताय. नावाशेजारी ते किल्लीचं चिन्ह दिसतंय ना, त्याचा अर्थ पार्टिशन माउंटेड, म्हणजे वापरात आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) बूट करा आणि मग जीपार्टेड उघडा, तिथेही स्वॅपवर (रॅम कमी पडली की वापरायचं पार्टिशन) किल्ली दिसली तर राइट क्लिक करून स्वॅपऑफ, म्हणजे ते बंद करा.

दुसरं म्हणजे तुमची मोकळी जागा स्वॅपच्या पलीकडे आहे, रूटला चिकटून नाही, त्यामुळे आधी स्वॅप उजवीकडे सरकवा, मगच रूट वाढेल. स्वॅप डिलीट करून नवीन बनवू नका, मी केलं होतं, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला आणि एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणती पार्टिशन्स जोडायची त्याची यादी) जुनाच राहिला, मग सिस्टीम जुना स्वॅप शोधत बसते आणि दर बूटला दीड मिनिट नुसतं त्या काउंटडाउनकडे बघत बसायचं :)

जीपार्टेडमधली हिरवी टिकमार्क (अप्लाय) दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, तोवर बिनधास्त अनडू करा. पण एकदा दाबली की मध्ये बंद करायचं नाही, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा. आणि बॅकअप घ्या हो आधी, उबुंटूतल्या 'डिस्क्स' अ‍ॅपमधून अख्ख्या पार्टिशनची इमेज बनते, फक्त ती त्याच डिस्कवर ठेवू नका म्हणजे झालं.