सेमी-ऑटोमॅटिक रायफल ‘अडकली’ म्हणजे नेमकं काय झालं?

शहापूर, बेळगाव :
नेमबाजी शिकणाऱ्या पोरांसाठी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलच्या निगराणीवर मराठीत दोन पानं लिहायलोय. पहिल्याच ओळीला थांबलो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप एकदा ओढला की एक बार. त्याच धक्क्यानं बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी दट्ट्या, मागं जातो, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, घोडा चढवतो आणि पुढं येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलतो. या सगळ्याला इंग्रजीत ‘सायकल’ म्हणतात. आपल्याकडं सायकल म्हटलं की दोन चाकंच डोळ्यांपुढं येतात. ‘चक्र’ पटत नाही, कारण गोल काहीच फिरत नाही. आणि यातलं काहीही बिघडलं तरी सगळे एकच म्हणतात, ‘अडकली’. शब्द सुचवा.

खानापूर :
आमच्या आजोबांकडं रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक होती. तिचे शब्द घरात अजून आहेत : ठासणं, गज, घोडा, चाप, बार. सगळे माणसाच्या हातच्या कामाचे. त्या बंदुकीला पुंगळीच नव्हती, मग ती अडकल्याचा शब्द येणार कुठून? ‘काडतूस’सुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला. कन्नडमध्ये बंदुकीला ‘कोवी’ हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे, पण तुमच्या अडचणीला तोही उपयोगी नाही.

कॅम्प, बेळगाव :
मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त आहे. फौजेत आम्ही ‘रोक’ म्हणायचो आणि तिच्यावर ‘फौरी इलाज’. शब्द हिंदी, पण इथल्या किती घरांत रुळलेत. तरी पोरांच्या कागदावर ‘रोक’ नको. मराठीत ‘रोख’ म्हणजे नळी कुणीकडं वळलीय ते. ‘रोक काढ’ आणि ‘रोख सांभाळ’ लागोपाठ ऐकलं, तर नवं पोरगं गडबडणार, आणि तेही नेमक्या धोक्याच्या क्षणी. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडंच धरून तीस सेकंद थांबायचं. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग मॅगझिन काढायचं, बोल्ट मागं ओढायचा आणि चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघायचं.

वडगाव :
काका, आमचा यंत्रमाग. बाण्याचं सूत नेणारा धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो, परत येतो. त्याला ‘खेप’ म्हणा की! पाणी आणायची खेप, गाडीची खेप. जाऊन येणं त्या शब्दातच आहे. धोटा पेटीत पुरता पोचला नाही तर माग थांबतो. तुमच्या बोल्टचं तेच दिसतंय.

शहापूर, बेळगाव :
खेप! दोन दिवस हाच शब्द शोधत होतो.

आता ‘अडकली’ची फोड करता येते. बार हलका असेल किंवा आत काजळी साचली असेल, तर बोल्ट पुरता मागं जात नाही : ‘अर्धी खेप’. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं, त्यात जळलेली दारू मिसळून चिकट थर बसतो. म्हणून हे दुखणं या रायफलीला फार. रायफल पूर्ण रिकामी करून बोल्ट, चेंबर पुसायचं. तरी अर्धी खेप राहिली तर काडतुसांचा प्रकार बदलून बघायचा. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसं कित्येकदा बोल्ट ढकलायला कमी पडतात.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर ‘उपसली नाही’. तिथं पुंगळीची कड धरून ओढणारी बोल्टची आकडी झिजलीय का, तिच्याखाली मळ आहे का ते बघायचं. उपसली, पण पुंगळी बाहेर पडायच्या दारातच बोल्टखाली चेपली, तर ‘फेकली नाही’. नवं काडतूस वाकडं शिरलं तर ‘भरलं नाही’, आणि तिथं आधी मॅगझिन बदलायचं, कारण त्याच्या तोंडाचा पत्रा थोडा जरी वाकला तरी काडतूस सरळ चढत नाही.

खानापूर :
‘उपसणं’ छान बसलं. तलवार उपसतात तसंच. ‘अडकली’ मात्र पुसू नका, पोरं पहिल्यांदा तेच ओरडणार.

कॅम्प, बेळगाव :
ओरडू देत. त्यावर तुमचा पहिला प्रश्न ‘रोख कुठंय?’ आणि दुसरा ‘उपसली नाही, फेकली नाही, की भरलं नाही?’ कागदावर याच क्रमानं घ्या.