छतावरील सौर संच: अनुदान ७८,००० रुपये, मग संच किती किलोवॅटचा घ्यावा?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
आमच्या घराचा पुढचा भाग जुन्या माळवदाचा (लाकूड-मातीच्या छताचा) असून मागे सुमारे ४०० चौरस फुटांचा स्लॅब आहे. महिन्याला साधारण १८० युनिट वीज लागते. कूलर सुरू झाले की एप्रिल-मेमध्ये हा आकडा २५० पर्यंत जातो. पीएम सूर्यघर योजनेतून संच बसवण्याचा विचार आहे. परंतु विक्रेता ५ किलोवॅटचाच आग्रह धरतो आणि ‘सरकार ७८,००० देते, मग लहान संच कशाला?’ असे विचारतो. मीटर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. शेतातील विहिरीवर ५ अश्वशक्तीचा विजेवरचा पंप आहे, तोही याच योजनेत सौर करून घेता येईल काय?

उत्तर (लातूर)
विक्रेत्याने सांगितलेला आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र त्याच्या सोयीचा आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे संच कितीही वाढवला तरी रक्कम ७८,००० वरच थांबते, म्हणजे चौथ्या-पाचव्या किलोवॅटचा सगळा भार आपल्यावर पडेल. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरल्यास २ किलोवॅटचा संच महिन्याला २४० युनिटच्या आसपास वीज देतो आणि आपली वर्षाची गरज त्यात भागते. पावसाळ्यात निर्मिती घटते. परंतु नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज महावितरणच्या वाहिनीत देऊन ती बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिट पुढच्या महिन्यांत वळती होत असल्याने फार अडत नाही. मार्चअखेर उरलेल्या युनिटना मात्र कमी दर मिळतो, त्यामुळे वीज विकून कमाई होईल या आशेने संच मोठा करू नये. स्थिर आकार भरावाच लागतो, तेव्हा ‘बिल शून्य’ ही जाहिरातही जपूनच वाचावी.

शिवाय एका किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. आपल्या स्लॅबवर ५ किलोवॅट बसवायचे तर विक्रेत्याची नजर माळवदाकडे वळणार; तेथे हा भार मुळीच टाकू नये.

उत्तर (धाराशिव)
आधी मीटर आपल्या नावावर करून घ्यावे. अर्जदार, वीजबिल आणि बँक खाते यांतील नाव जुळले नाही, तर अनुदान अडकते. दुसरे असे, की अनुदान संच बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावरच ग्राहकाच्या खात्यात जमा होते. तोपर्यंतच्या रकमेची सोय स्वतः करावी लागते किंवा ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय मिळणारे बँकेचे कर्ज घ्यावे लागते. ‘अनुदान वजा करून’ दर सांगणाऱ्याकडून पूर्ण किंमत लेखी घ्यावी. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा आणि पॅनल देशात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर, असावेत. स्वस्त मिळाले म्हणून आयात पॅनल बसवले तर अनुदान विसरावे लागते.

उत्तर (जालना)
शेतीपंपाचा विषय वेगळा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के वाटा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. तथापि ही योजना पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे आणि आपल्याकडे जोडणी आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल बळीराजा योजनेत राज्य सरकार भरते, तेव्हा आपली खरी अडचण रात्रीच्या पाळीची असावी. आपला फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणारी वाहिनी, तिला सौर प्रकल्पाची वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये आला आहे काय, याची महावितरणच्या उपविभागात चौकशी करावी. तो सौर झाला की दिवसा पाणी देता येते.

उत्तर (बीड)
एक बारीक गोष्ट. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पॅनलवर धुळीचा थर बसतो आणि बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर पांढरे डाग धरतात. पाणी थोडेच लागते, पण ते गोडे असावे, आणि पॅनल तापण्यापूर्वी सकाळीच धुवावेत. स्लॅबवर जायला जिना नसेल तर तो खर्चही आताच हिशेबात धरावा.